वैद्यकीय विद्यार्थ्याने संशोधन कशासाठी करावे?

वैद्यकाचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याने डॉक्टर होण्याआधी निदान एक संशोधन प्रकल्प स्वतः पार पाडावा, ही अपेक्षा आजची नाही. अमेरिकेतील येल विद्यापीठात १८३९ पासून वैद्यक शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. जर्मनीत वैद्यकीय परीक्षा उत्तीर्ण झालेल्याला रुग्णसेवेचा परवाना मिळतो, पण नावाआधी ‘डॉक्टर’ ही पदवी लावायची तर वेगळा प्रबंध सादर करावा लागतो. ब्रिटनमध्ये अनेक विद्यार्थी मधले एक वर्ष काढून विज्ञानाची स्वतंत्र पदवी घेतात आणि त्या वर्षाचा मोठा भाग एखाद्या संशोधनाला देतात. परंपरा एवढी जुनी असूनही प्रकल्पातून नेमके काय साधायचे याबद्दल वैद्यकीय शिक्षणात आजही एकवाक्यता नाही, आणि ती नसल्यामुळेच गेल्या काही दशकांत एक सोपे उत्तर हळूहळू सर्वमान्य होऊन बसले आहे. ते उत्तर म्हणजे छापील शोधनिबंध. निबंध छापून आला की प्रकल्प यशस्वी, नाही आला की वेळ वाया. विद्यार्थ्याच्या संशोधनाला वैद्यकीय शिक्षणात फार मोलाचे स्थान आहे असे मला वाटते, आणि ते मोल सर्वाधिक कमी कशाने होत असेल तर ते याच मोजपट्टीने, असेही वाटते.

विद्यार्थी संशोधनाची बाजू मांडताना बहुधा इतिहासातील काही नावे घेतली जातात. जे मॅक्लीन हा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी विल्यम हॉवेल यांच्या प्रयोगशाळेत रक्त गोठवणारा घटक शोधत होता, आणि यकृताच्या अर्कात त्याला नेमका उलट गुण सापडला. १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या कामातून पुढे हेपॅरिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा मार्ग निघाला. पॉल लँगरहान्स याने १८६९ साली बर्लिनमध्ये सादर केलेल्या प्रबंधात स्वादुपिंडातील पेशींच्या त्या लहान पुंजक्यांचे वर्णन केले, ज्यांना आज त्याचेच नाव आहे आणि ज्यांच्यातून इन्शुलिन स्रवते हे पुढच्या पिढ्यांनी सिद्ध केले. ही उदाहरणे खरी आहेत, पण युक्तिवाद म्हणून ती फार दुबळी आहेत. ज्या हजारो विद्यार्थ्यांच्या हाती काहीच लागले नाही त्यांची नावे इतिहासात नोंदली जात नाहीत. केवळ यशस्वी ठरलेल्यांकडे बोट दाखवून पद्धतीचे समर्थन करणे ही संशोधनशास्त्रातली प्राथमिक चूक आहे, आणि संशोधनाच्याच समर्थनासाठी ती करणे तर मुळीच शोभणारे नाही.

तरीही लँगरहान्सच्या प्रबंधात एक गोष्ट आहे, जी आजच्या प्रत्येक विद्यार्थ्याला दाखवावी. पेशींचे पुंजके त्याने बारकाईने वर्णिले, पण त्यांचे कार्य काय हे आपल्याला सांगता येत नाही अशी स्पष्ट कबुली त्याने दिली. त्याआधीच्याच वर्षी त्वचेतील ज्या पेशींचे त्याने वर्णन केले होते, त्या मज्जातंतूंशी संबंधित असाव्यात असा त्याचा तर्क होता. तो तर्क चुकीचा निघाला, कारण त्या पेशी प्रतिकारशक्तीच्या कामाच्या आहेत हे शंभराहून अधिक वर्षांनी कळले. दोन्ही वेळा त्याने केलेले निरीक्षण मात्र टिकले. डोळ्यांना काय दिसले, त्यावरून काय वाटले आणि काय अजिबात कळले नाही, या तिन्ही गोष्टी वेगवेगळ्या ठेवण्याची सवय ही विद्यार्थिदशेतील संशोधनाची खरी कमाई आहे. तिच्यासाठी शोध महान असावा लागत नाही.

ही सवय प्रत्यक्षात कशी लागते हे पाहण्यासाठी एक अगदी साधा प्रश्न घेऊ. शस्त्रक्रियेनंतर किती रुग्णांच्या जखमेत जंतुसंसर्ग होतो? विद्यार्थ्याला वाटते की हे केवळ मोजण्याचे काम आहे. केस पेपर काढायचे, संसर्ग झालेले रुग्ण मोजायचे आणि एकूण संख्येने भागायचे. पहिल्याच दिवशी त्याला अडचण येते. एका कागदावर ‘जखमेतून थोडा स्राव’ एवढेच लिहिलेले असते. हा संसर्ग धरायचा की नाही? दुसऱ्या ठिकाणी प्रतिजैविक सुरू केल्याची नोंद असते, पण का सुरू केले ते लिहिलेले नसते. मग तो व्याख्या शोधू लागतो, आणि सर्वसाधारण शस्त्रक्रियेसाठी रूढ व्याख्येत ३० दिवसांची मुदत धरतात हे त्याला कळते. रुग्ण तर पाचव्या-सहाव्या दिवशी घरी गेलेला असतो. तो पुन्हा आलाच नसेल, तर त्याला काहीच झाले नाही असे समजायचे, की तो दुसऱ्याच डॉक्टरकडे गेला असेल असे? न आलेल्या रुग्णांना वगळले तर टक्केवारी एक येते, ते सारे बरे झाले असे गृहीत धरले तर दुसरी, आणि फोन करून विचारले तर कदाचित तिसरीच. त्यातून काही केस पेपर सापडतच नाहीत. हरवलेले कागद योगायोगाने हरवले असते तर फारसे बिघडले नसते. पण गुंतागुंत झालेल्या रुग्णांचे कागद वेगवेगळ्या विभागांतून फिरत असतात आणि म्हणून तेच जास्त हरवतात, अशी शक्यता त्याच्या लक्षात येते तेव्हा तो संशोधनाच्या खऱ्या उंबरठ्यावर उभा असतो. शेवटी जी टक्केवारी तो लिहितो, तिच्यामागे अनेक लहान-मोठे निर्णय असतात, आणि त्यातला प्रत्येक निर्णय वेगळा घेता आला असता हे त्याला ठाऊक असते.

पाठ्यपुस्तकात अशी टक्केवारी आयती, स्वच्छ आणि निःशंक स्वरूपात छापलेली असते. ती पाठ करून परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याला आकडा निसर्गाने दिला आहे असे वाटत राहिले तर त्यात त्याचा दोष नाही. स्वतः एक आकडा तयार करून पाहिलेल्या विद्यार्थ्याला मात्र पुढे आयुष्यभर कोणताही आकडा वाचताना आपसूक प्रश्न पडतात: यात कोण मोजले गेले, कोण सुटले, कोणी ठरवले, किती दिवसांनी पाहिले?

आकड्यांच्या अनिश्चिततेचेही तसेच आहे. समजा, एखाद्या औषधाचा गंभीर दुष्परिणाम ३० रुग्णांपैकी एकातही आढळला नाही. विद्यार्थ्याच्या पहिल्या मसुद्यात ‘औषध सुरक्षित आहे’ असे वाक्य हमखास येते. जाणकार मार्गदर्शक तेथे थांबवतो आणि एक सोपा हिशेब करून दाखवतो: ३० पैकी शून्य या निरीक्षणाशी खरे प्रमाण जवळजवळ १० टक्क्यांपर्यंत असणेही सुसंगत आहे. दहातल्या एका रुग्णाला गंभीर इजा करणारे औषध कोणी सुरक्षित म्हणणार नाही. व्याख्यानात हा नियम एका ओळीत सांगून होतो आणि एका ओळीइतकाच लक्षात राहतो. स्वतःच्या मसुद्यातले, स्वतःला आवडलेले वाक्य त्या नियमामुळे खोडावे लागले की तो कायमचा लक्षात राहतो.

याचा रुग्णसेवेशी संबंध काय, असे कोणी विचारील, आणि प्रश्न रास्त आहे, कारण बहुसंख्य विद्यार्थी पुढे संशोधक होणार नसतात. पण ते सगळे संशोधनाचे ग्राहक होणार असतात, आणि त्यांच्या चुकीची किंमत रुग्ण मोजणार असतात. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांना स्टेरॉइड देण्याची पद्धत अनेक देशांत कित्येक दशके चालू होती. मेंदूची सूज कमी होईल हा तर्क पटण्यासारखा होता, अनुभवी डॉक्टरांचा त्यावर विश्वास होता, आणि जे रुग्ण वाचत ते औषधामुळे वाचले असे दिसतही होते. १०,००८ रुग्णांचा समावेश असलेल्या ‘क्रॅश’ या चाचणीचे निष्कर्ष २००४ साली आले तेव्हा पहिल्या दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के रुग्ण दगावल्याचे दिसले. रोज रुग्णशय्येपाशी उभ्या राहणाऱ्या कोणत्याही एका डॉक्टरला हा तीन टक्क्यांचा फरक नुसत्या अनुभवाने कळला नसता. १९९०च्या दशकाच्या आरंभी कॅनडातील मॅकमास्टर विद्यापीठात गॉर्डन गायट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यावर आधारित वैद्यकाचा आग्रह धरला तो याच जाणिवेतून. अनुभवाला मान असावा, पण त्याची मर्यादा कोठे सुरू होते हे डॉक्टरला ओळखता आले पाहिजे, आणि ते ओळखण्याचे शिक्षण विद्यार्थिदशेतच झालेले बरे.

यावर एक गंभीर आक्षेप असा घेतला जातो की शोधनिबंधांचे चिकित्सक वाचन शिकवले तर एवढे पुरेसे आहे, त्यासाठी प्रत्येकाला संशोधन करायला लावण्याची गरज नाही. अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहतो आहे. चिकित्सक वाचन शिकवलेच पाहिजे हे मला मान्य आहे, आणि एखाद्या महाविद्यालयात चांगले मार्गदर्शक नसतील तर वाईट प्रकल्पापेक्षा चांगला वाचनवर्ग श्रेष्ठ, हेही मान्य आहे. परंतु वाचकाला छापील निबंधात फक्त अंतिम निर्णय दिसतात. सोडून दिलेले पर्याय, बदललेली व्याख्या, अर्ध्यावर टाकलेले विश्लेषण यांचा मागमूस तेथे उरत नाही. या अदृश्य भागाची कल्पना येण्यासाठी निदान एकदा त्या प्रक्रियेतून जावे लागते.

येथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. विद्यार्थिदशेत संशोधन केलेले डॉक्टर रुग्णांवर अधिक चांगले उपचार करतात, हे सिद्ध करणारा भक्कम पुरावा आज उपलब्ध नाही. प्रकल्प केलेले विद्यार्थी पुढेही संशोधनात अधिक दिसतात असे आढळते. पण ज्यांना मुळातच संशोधनाची आवड असते तेच प्रकल्प निवडतात, त्यामुळे यात प्रकल्पाचा वाटा किती आणि आवडीचा किती हे वेगळे काढणे अवघड आहे. उरलेला बराचसा पुरावा विद्यार्थ्यांच्या समाधानाच्या सर्वेक्षणांतून येतो, आणि समाधान म्हणजे शिक्षण नव्हे. तेव्हा माझे मत हे पुराव्याने सिद्ध झालेले विधान नसून विचारपूर्वक घेतलेली भूमिका आहे. पुरावा अपुरा असल्यामुळेच मी सरसकट सक्तीचा पुरस्कार करीत नाही, आणि प्रकल्प कसा असावा याबद्दल इतका आग्रही आहे.

कारण वाईट रीतीने राबवलेला प्रकल्प निरुपयोगी ठरून थांबत नाही, तो उलटे शिकवतो. अमेरिकेत २०२२ पासून परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याचे गुण सांगणे बंद झाले आणि केवळ उत्तीर्ण-अनुत्तीर्ण असा निकाल लागू लागला. गुणांची स्पर्धा कमी व्हावी हा हेतू चांगला होता, पण स्पर्धेने दुसरी वाट धरली. न्यूरोसर्जरीसारख्या शाखेत निवड झालेल्या उमेदवारांच्या अर्जात शोधनिबंध, गोषवारे आणि सादरीकरणे मिळून सरासरी २० हून अधिक नोंदी आधीपासूनच होत्या. आता या नोंदींचे वजन आणखी वाढले. अभ्यास, परीक्षा आणि रुग्णालयातील काम सांभाळून कोणता विद्यार्थी काही वर्षांत इतके सखोल संशोधन करू शकेल? हे शक्य नसते, म्हणून इतर मार्ग निघतात. एकाच माहितीचे तुकडे करून चार निबंध लिहिले जातात. वर्गमित्रांना प्रश्नावली पाठवून दोन आठवड्यांत ‘अभ्यास’ पूर्ण होतो. ज्याने काम केले नाही त्याचे नाव लेखकांत येते, आणि जिने रात्री जागून नोंदी केल्या तिचे नाव गळते. पैसे भरले की काहीही छापणारी नियतकालिके याच गरजेवर पोसली जातात. हे सारे करताना विद्यार्थी बरेच काही शिकत असतो, आणि तीच सर्वांत मोठी चिंता आहे, कारण आकडे आपल्याला हवे तसे वळवता येतात आणि त्याबद्दल कोणी विचारत नाही, हा धडा तो डॉक्टर होण्याआधीच गिरवतो.

आकडे वळवणे किती सोपे आहे हे हृदयविकारावरील ‘आयसिस-२’ या चाचणीने १९८८ साली मुद्दाम दाखवून दिले. १७,१८७ रुग्णांच्या या अभ्यासात अ‍ॅस्पिरिनमुळे मृत्यू कमी होतात हे निर्विवाद दिसले होते. तरी उपगटांचे विश्लेषण छापण्याचा आग्रह झाला, तेव्हा संशोधकांनी रुग्णांची राशींनुसार विभागणीही छापली, आणि मिथुन व तूळ राशीच्या रुग्णांना अ‍ॅस्पिरिनचा फायदा होत नसल्याचे ‘दिसले’. माहितीचे पुरेसे तुकडे केले की कोठे ना कोठे लक्षवेधी फरक निघतोच. मुळात काहीच फरक नसताना २० स्वतंत्र तुलना केल्या, तर नेहमीच्या ०.०५ या निकषावर (म्हणजे निव्वळ योगायोगाने तेवढा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असावी, या अटीवर) त्यातली निदान एक तरी ‘लक्षणीय’ ठरण्याची शक्यता ६४ टक्के असते. काहीतरी छापण्याजोगे निघावे या दडपणाखाली माहितीचा तक्ता पुन्हा पुन्हा चाळणाऱ्या विद्यार्थ्याला त्या एका तुलनेचा मोह होणारच. सांख्यिकीतज्ज्ञ डग्लस ऑल्टमन यांनी १९९४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमधून कळकळीने लिहिले होते की वैद्यकाला कमी संशोधन हवे, अधिक चांगले हवे आणि योग्य कारणांसाठी केलेले हवे. इयन चाल्मर्स आणि पॉल ग्लासिउ यांनी २००९ साली असा अंदाज मांडला की वैद्यकीय संशोधनावर होणाऱ्या खर्चापैकी सुमारे ८५ टक्के टाळता येण्याजोग्या कारणांनी वाया जातो. त्या अपव्ययात विद्यार्थ्यांना विद्यार्थिदशेतच सामील करून घेणे याला शिक्षण म्हणता येणार नाही.

शिवाय या व्यवहारात एक तिसरा पक्ष आहे, ज्याचा विचार प्रकल्पांच्या चर्चेत क्वचित होतो. तो म्हणजे रुग्ण. आजारी माणूस संमतिपत्रावर सही करतो, प्रश्नावलीची उत्तरे देतो, कधी जादा रक्ताचा नमुना देतो, ते यातून कोणाचे तरी भले होईल या विश्वासाने. ज्या प्रकल्पातून काहीही कळणार नाही हे मार्गदर्शकाला आधीच ठाऊक आहे, त्यासाठी ही सही घेणे हा विश्वासभंग आहे. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यापासून मानवी संशोधनाची जी तत्त्वे मान्य झाली, ती ‘फक्त विद्यार्थ्याचा प्रकल्प आहे’ म्हणून शिथिल होत नाहीत. उलट विद्यार्थ्याच्या उत्साहाला अधिक जपावे लागते. १८८५ साली पेरूमधील डॅनियल कॅरियोन या विद्यार्थ्याने एका रुग्णाच्या त्वचेवरील गाठीतला अंश स्वतःला टोचून घेतला आणि दोन वेगळे समजले जाणारे आजार एकच आहेत हे स्वतःच्या मृत्यूने दाखवून दिले. त्याचे देशबांधव त्याला आदराने स्मरतात आणि ते योग्यच आहे, पण आज कोणत्याही मार्गदर्शकाने असे धैर्य आपल्या विद्यार्थ्याकडून घडू देता कामा नये.

मग प्रकल्प कसा असावा? पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतंत्र प्रकल्प हा हट्ट सोडावा. शंभर विद्यार्थ्यांचे शंभर क्षीण अभ्यास करण्यापेक्षा दहा गटांनी दहा नीट आखलेले अभ्यास करणे शिक्षणाच्या आणि रुग्णांच्या दोघांच्याही हिताचे आहे. ब्रिटनमध्ये २०१३ पासून ‘स्टारसर्ग’ या विद्यार्थ्यांच्या पुढाकाराने चालणाऱ्या जाळ्याने हे करून दाखवले आहे. अनेक रुग्णालयांतील विद्यार्थी एकाच आराखड्यानुसार, एकाच व्याख्या वापरून, ठरावीक मुदतीत शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांच्या नोंदी घेतात आणि निबंधावर सर्वांचे मिळून एक नाव येते. प्रत्येकाच्या वाट्याला मोजके रुग्ण येतात, पण एकत्रित संख्या प्रश्नाचे उत्तर देण्याइतकी मोठी होते, आणि आपल्या नोंदीतली चूक दुसऱ्या ठिकाणच्या पडताळणीत पकडली जाते हा अनुभवही मिळतो. अशा सामूहिक कामात स्वतः प्रश्न घडवण्याची संधी कमी मिळते हे खरे, म्हणून आराखडा ठरण्याच्या टप्प्यावर विद्यार्थ्यांना सामील करून घेणे आवश्यक आहे.

दुसरे असे, की प्रश्न नवा असण्याची अट काढून टाकावी. आधी झालेल्या अभ्यासाची आपल्या रुग्णालयात काळजीपूर्वक पुनरावृत्ती करणे किंवा ठरलेल्या उपचारपद्धतीचे पालन किती होते याची तपासणी करणे, त्यावर बदल सुचवणे आणि काही महिन्यांनी पुन्हा मोजणे हे विद्यार्थ्याला झेपणारे आणि कामाला येणारे संशोधन आहे. मूल्यमापन करताना अर्धे गुण माहिती गोळा करण्याआधीच, आराखड्यावर द्यावेत. निष्कर्ष नकारार्थी आला म्हणून एकही गुण कमी होऊ नये. तोंडी परीक्षेत परीक्षकाने मूळ नोंदींची वही किंवा फाइल उघडून एखाद्या रुग्णाची नोंद अशीच का केली हे विचारावे. ज्याने स्वतः काम केले आहे तो सांगू शकतो, ज्याने उसने आणले आहे तो अडखळतो. आणि पूर्ण झालेला प्रत्येक प्रकल्प, छापला गेलेला असो वा नसो, महाविद्यालयाच्या संग्रहात मूळ नोंदींसह जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या तुकडीला तो तपासता किंवा पुढे नेता येईल.

हे सारे मार्गदर्शकावर अवलंबून आहे हे मी जाणतो. रुग्ण, वर्ग आणि कार्यालयीन कामे यांत बुडालेल्या अध्यापकाकडून दहा-दहा प्रकल्पांकडे बारकाईने पाहण्याची अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. त्यासाठी त्याच्या कामाच्या तासांत जागा राखून ठेवावी लागेल आणि सांख्यिकी जाणणारी व्यक्ती आराखड्याच्या वेळी हाताशी द्यावी लागेल. शेवटी आकडे जमल्यावर तिच्याकडे धावून उपयोग नसतो, कारण चुकीच्या रीतीने गोळा केलेली माहिती विश्लेषणाने दुरुस्त होत नाही. विद्यार्थ्याच्या वेळापत्रकातही काही आठवडे सलग मोकळे ठेवावे लागतील, कारण दोन परीक्षांच्या फटीत विचार होत नाही.

मात्र महाविद्यालयांनी हे सर्व केले तरी ते टिकणार नाही, जोवर पुढील शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी निवड करणारी मंडळे निबंध मोजत राहतील. विद्यार्थी व्यवहारी असतात, आणि त्यांनी तसे असणे चूक नाही. ज्याचे गुण मिळतात तेच ते करतील. बदलाची सुरुवात म्हणून या मंडळांना जे करता येईल ते फार अवघड नाही. अर्जातला प्रकाशनांच्या संख्येचा रकाना काढून टाकावा, उमेदवाराला स्वतः केलेले कोणतेही एकच काम निवडायला सांगावे, आणि मुलाखतीत त्यावर वीस मिनिटे बोलावे: प्रश्न कोठून आला, किती रुग्ण सुटले, कशावर शंका आहे, पुन्हा करायचे झाल्यास काय वेगळे करशील.